येताना खोरं आणा

किगालीच्या विमानतळावर माझी पहिली ओळख झाली ती माझ्या पिशव्यांमुळे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, आमसुलं. सगळं सुनेनं वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, वर रबर लावून दिलेलं. तपासणीच्या टेबलापलीकडच्या तरुण मुलीनं एकेक पुडी हातात घेतली, चटणीचा वास घेऊन भुवया उंचावल्या, पदार्थ माझे मला परत दिले आणि पिशव्या तेवढ्या मागितल्या. रवांडात 2008 पासून प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. कुठून तरी तिनं कागदी पाकिटं आणली आणि आम्ही दोघींनी तिथंच मेतकूट भरलं. मागं रांग खोळंबली होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही. महाराष्ट्रातही 2018 मध्ये बंदी आली. चार दिवस आमच्या कोरेगावच्या बाजारात भाजीवाले कापडी पिशवी मागत होते. मग पाटीखालून हळूच एकेक पिशवी निघायला लागली, आणि सगळं सुरळीत झालं.

आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं. निवृत्त झाल्यावर एका स्वयंसेवी संस्थेतर्फे मी रवांडाच्या पूर्वेला, किरेहे जिल्ह्यात, प्राथमिक शिक्षकांबरोबर काम करायला निघाले होते. 2008 मध्येच तिथल्या सरकारनं शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर आणायचं ठरवलं. ज्यांनी स्वतः फ्रेंचमधून शिक्षण घेतलं, त्यांनी आता मुलांना गणित इंग्रजीतून शिकवायचं. माझं इंग्रजी काही फार फाकडू नाही. पण परक्या भाषेपुढं बिचकलेला मास्तर कसा दिसतो हे मला चांगलं ठाऊक आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा असले मास्तर मी पुष्कळ पाहिले, त्यातली एक तर रोज आरशात दिसायची.

किगाली डोंगरांच्या अंगावर वसलेली आहे. सरळ रस्ता असा नाहीच. चढ, वळण, उतार, पुन्हा चढ. सकाळी हातात लांब झाडू घेतलेल्या बायका दुभाजकाच्या कडा झाडत असतात. मोटरसायकलच्या टॅक्सीला मोटो म्हणतात. एका वेळी एकच सवारी, आणि मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट. साताऱ्याच्या स्टँडबाहेर तिघंतिघं बसवून नेणारे आमचे बहाद्दर इथं एक दिवस टिकायचे नाहीत. हॉर्न ऐकू येत नाही. माणसं बोलतात तीसुद्धा खालच्या पट्टीत, इतक्या खालच्या की सुरुवातीला मला वाटायचं, काहीतरी वाईट बातमी आहे.

या शहरात रस्त्यावर कुणी खात नाही. मोठ्या माणसानं चालता चालता केळं सोलणंसुद्धा वाईट दिसतं. ते लहान मुलांचं काम. वडापावच्या गाडीभोवती उभं राहून वाढलेल्या माणसाला हे जड जातं. खायचं ते आत, भिंतीआड. दुपारी बुफे असतो. ताट एकदाच भरायचं, त्यामुळं भात, शिजवलेली कच्ची केळी, बटाटे, राजमा, पालेभाजी असा डोंगर रचण्यात लोक पटाईत. वर मिरचीच्या तेलाचे थेंब. त्या तेलाची, अकाबांगाची, बाटली डोळ्यांत औषध घालायच्या बाटलीएवढी. दोन थेंबांत कोल्हापूरची आठवण येते, चौथ्या थेंबाला डोळ्यांतून पाणी.

मला सगळ्यांत आवडली ती दुधाची दुकानं. आपल्याकडं संध्याकाळी पुरुषमाणसं चहाच्या टपरीवर रेंगाळतात, तशी इथं दूध प्यायला बसतात. बिअर पिणारेही कमी नाहीत, पण दुधाचा मान वेगळा. ताज्या दुधाचा मोठा मग, नाहीतर इकिवुगुतो, म्हणजे दाट, आंबटसर, घुसळलेलं दही. त्यात मी चिमूटभर मीठ घातलं तेव्हा दुकानदार काही बोलला नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला मात्र त्यानं कोपरानं ढोसलं.

न्याबुगोगोच्या स्टँडवरून बस पूर्वेला निघाली की डोंगर हळूहळू अंग टाकतात. रवामागाना, कायोंझा, मग दक्षिणेला वळून न्गोमा. उतारांवर केळीच केळी, मधे मक्याचे पट्टे, खाली दलदलीच्या जागी भात. सायकलींवर हिरव्या केळ्यांचे घड इतके बांधलेले की चढावर सायकलवाला दिसत नाही, घडच चालताहेत असं वाटतं. पिवळे पाण्याचे कॅन घेऊन पोरं डोंगर चढत होती. हा भाग देशातला त्यातल्या त्यात कोरडा. पाऊस कधी येतो आणि कधी तोंडाला पानं पुसतो, हे इथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात आमच्या माणदेशाइतकंच असतं.

किरेहेत मला पत्र्याचं, दोन खोल्यांचं घर मिळालं. घरमालकीण शेजारीच राहायची. मी तिला मामा, म्हणजे आई, म्हणायची, तीही मला मामा म्हणायची. पहिल्या दिवशी हात मिळवताना तिनं डावा हात उजव्या मनगटापाशी धरला. आपण तीर्थ घेताना धरतो ना, तसा. तेवढ्यानं मला हायसं वाटलं.

तिच्या अंगणात एक गाय होती. 2006 मध्ये सुरू झालेल्या गिरिंका योजनेतली. गरीब कुटुंबाला सरकार एक गाय देतं, आणि तिला झालेली पहिली कालवड शेजारच्या दुसऱ्या गरीब कुटुंबाला द्यायची असते. मामानं कालवड दिली होती, तीन घरं सोडून पलीकडे. रोज संध्याकाळी ती तिकडं चक्कर टाकायची, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवायची आणि चारा नीट घातलाय की नाही हे न बोलता बघून यायची. ते घरही काही बोलायचं नाही. आपल्याकडं दान दिल्यावर देणाऱ्यानं मागं वळून बघू नये म्हणतात. इथं देणारी रोज बघते, आणि घेणारे तिला बसायला स्टूल देतात. मला हे जास्त प्रामाणिक वाटलं.

जेवायला रोज राजमा. दुपारभर कोळशाच्या शेगडीवर रटरटत असायचा. दोदो नावाची पालेभाजी मिळायची. बाजारात जुडी हातात घेतली आणि ओळख पटली, हा आपला माठ. लसूण-मिरचीची फोडणी देऊन मी केला, मामाला नेऊन दिला. तिनं सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा दोदो पाठवला, पाण्यात मऊ शिजवलेला, वर चमचाभर तेल. ती काय सांगत होती ते कळलं.

आता कामाचं सांगते. शाळा डोंगराच्या सोंडेवर, विटांची, वर पत्रा. पाऊस आला की शिकवणं बंद, कारण पत्र्यावरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही. मुलं जास्त आणि खोल्या कमी, म्हणून अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. आम्ही तक्ते करायचो, तेही तांदळाच्या पोत्यांवर. पोतं उसवायचं, कडा दुमडून शिवायच्या, आणि रंगानं त्यावर अंक, चित्रं, भागाकार काढायचे. कागदाचा तक्ता एका पावसाळ्यात जातो, पोतं वर्षानुवर्षं टिकतं. घडी घालून काखोटीला मारता येतं. ही युक्ती माझी नव्हे. माझ्याआधी येऊन गेलेल्या स्वयंसेवकांनी ती इथं रुजवली होती.

शाळेच्या कपाटात त्यांची पोती एकावर एक रचलेली होती. ती उलगडत गेलं की कोण कुठून आलं होतं याचा अंदाज यायचा. एकावर के फॉर कांगारू. एकावर बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. विषुववृत्ताच्या दोन अंश खालच्या गावात तो माणूस कपाटात निमूट घडी होऊन पडला होता. मी शिक्षकांना म्हटलं, तुम्ही काढा. त्यांनी गाय काढली, शिंगं अशी लांब आणि डौलदार की पोत्यावर मावेनात, म्हणून दुसरं पोतं जोडलं. पुढं मी अक्षर वळणदार यावं म्हणून बघायची, क्रियापदाला एस लागला की नाही बघायची, आणि बराच वेळ नुसती बसून असायची. परदेशी स्वयंसेवक म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर काहीतरी उभारत असेल. प्रत्यक्षात निम्मं काम बसून राहण्याचं असतं. शिक्षक दुसऱ्याला समजावून सांगतात आणि सांगता सांगता त्यांनाच कळतं. तेवढ्यासाठी समोर कुणीतरी लागतं.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला तसं मामानं माझ्या दाराशी एक खोरं आणून टेकवलं. उमुगांडा. अठरा ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येकानं सकाळी आठ ते अकरा गावाचं काम करायचं, असा कायदाच आहे. दुकानं बंद, बस बंद, रस्त्यात फिरताना दिसलात तर पोलीस थांबवून विचारतात. कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर दंड होऊ शकतो. इथलं खोरं आपल्या खोऱ्याहून जड, पातं रुंद आणि दांडा लांब. कुदळ आणि खोरं या दोन्हींचं काम ते एकटंच करतं.

त्या दिवशी डोंगरउतारावर चर खणायचे होते, माती वाहून जाऊ नये म्हणून. समपातळीची रेघ काढायला लाकडी ए-फ्रेम, मधे दोरीला बांधलेला दगड. मी ती बघितली आणि मला बोलायला सुचेना. 2016 च्या उन्हाळ्यात पाणी अडवायच्या कामांची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली ती तीन तालुक्यांत; वरुड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. तेव्हा आमच्या गावच्या माळावर मीही चर खणलेत. पहाटे भोंगा व्हायचा, पोरं शिट्ट्या मारायची, मुंबई-पुण्याहून लोक श्रमदानाला यायचे, खणण्याआधी फोटो आणि खणून झाल्यावर पोहे. काम जोरात झालं, हे खरंच. पण गावातली एक आळी फिरकली नाही, कारण सरपंच पलीकडच्या गटाचा. त्यांना कुणी काही म्हणू शकत नव्हतं. मनावरचं काम, ज्याची त्याची मर्जी.

इथं मर्जीचा प्रश्न नाही. शाळेचे मुख्याध्यापक, दुकानदार, ज्याच्या गोठ्यात एकच शेळी आहे तो आणि ज्याचा ट्रक आहे तो, सगळे एका रेषेत. कुणी रेंगाळत खणतो, कुणी दांड्यावर हनुवटी टेकून गप्पा मारतो, पण येतात सगळे. मी मोठ्या हौसेनं, आपण सेवा करायला आलोय अशा भावनेनं तिकीट काढून आले होते; आणि इथं ज्याला सेवा म्हणावं ते दर महिन्याला पाणीपट्टी भरल्यासारखं लोक करून मोकळे होत होते. कुणी माझं कौतुक केलं नाही. मी पासष्टच्या आतली असल्यामुळं आलेच पाहिजे होते, एवढंच. त्या सकाळइतकं मोकळं मला त्या गावात आधी कधी वाटलं नव्हतं.

पण सक्ती ती सक्तीच. बेल्जियनांच्या काळात या लोकांनी वेठबिगारीत रस्ते खणले. 1970 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष हबियारिमाना यांच्या राजवटीत उमुगांडा देशभर लागू झाला. 1994 मध्ये एप्रिलपासून शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची, आणि शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर सोडायला गोळा करण्याची जी यंत्रणा वापरली गेली, तिच्यात हाही होता. शेतात वापरायचे कोयते तेव्हा वापरले गेले. आमच्या रेषेतही चार-पाच जण झुडपं साफ करायला तसलेच कोयते घेऊन आले होते. कुणी त्यांच्याकडं वळून बघत नव्हतं. मीच बघत होते. आजच्या सरकारनं तीच सवय उचलून तिच्या हाती चर आणि शाळा दिल्या. हे शहाणपणाचं आहे असं मला वाटतं. ते निर्धास्त आहे असं मात्र म्हणवत नाही. गावानं हो म्हणायचंच असतं, हे ज्या गावाला पाठ आहे त्याला नाही कसं म्हणायचं हे कोण शिकवणार?

काम संपल्यावर सगळे गवतावर बसले. गावप्रमुख बाई उभी राहिली. आरोग्यविम्याची वर्गणी कुणाची राहिली, कुणाच्या संडासाला दार नाही, कुणाची पोरगी शाळेत येत नाही, सगळं नावानिशी. आमच्या ग्रामसभेत कोरम भरायला शिपायाला घरोघर पळावं लागतं. इथं चारशे माणसं मातीचे हात पुसत ऐकत होती. मग माझी ओळख करून द्यायची वेळ आली. मी माझं, नवऱ्याचं आणि मग आडनाव, अशी तिपेडी सांगितली. आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी भाषांतर करता करता विचारलं, तुमच्या घरातल्या सगळ्यांना शेवटचं नाव तेच? मी हो म्हटलं, तर लोकांना गंमत वाटली. इथं प्रत्येक मुलाला जन्मल्यावर त्याचं स्वतःचं नाव मिळतं. सख्ख्या भावंडांची नावं जुळत नाहीत. नावावरून घराणं कळत नाही.

मी कोरेगाव स्टँडवर अनोळखी माणसाशी बोलायला लागले की तिसरा प्रश्न आडनावाचा असतो. उत्तर आलं की समोरच्याचा चेहरा थोडा बदलतो, सैल होतो किंवा आवळतो. या देशात बेल्जियनांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा असा माणसाचा गट छापला, आणि 1994 मध्ये रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर तो एक शब्द वाचून माणसं बाजूला काढली. आता तो रकाना नाही. कुणाला तसं विचारणं हा नुसता असभ्यपणा नाही, त्याहून वाईट आहे. आम्हाला रकान्याची गरजच पडली नाही; आम्ही तो आडनावात शिवून टाकलाय.

किरेहे जिल्ह्यातच न्यारुबुये आहे. तिथलं चर्च आणि शेजारचं स्मारक. आसऱ्याला आलेले हजारो लोक एप्रिल 1994 मध्ये तिथं मारले गेले. मी एकदा गेले, आणि त्याबद्दल एवढंच लिहिते.

न्याकारांबी गावच्या बायकांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. तिथं इमिगोंगो करतात, शेणाची चित्रं. गिसाका नावाच्या जुन्या राज्यात काकिरा नावाचा राजपुत्र होता, त्यानं आपलं घर आतून असं सजवलं, अशी दंतकथा. घराच्या भिंतींवर बायका ते करत आल्या. 1994 नंतर ती कला जवळपास संपलेली, ती सहकारी गट काढून काही बायकांनी पुन्हा उभी केली. वासराचं ताजं शेण घेतात, कारण त्यात काड्या नसतात. त्यात राख कालवतात. लाकडाच्या फळीवर आधी कोळशानं नक्षी आखतात, मग शेणाची वळी बोटांनी चिमटत चिमटत उभी करतात. उंचवटे सरळ, धारदार, नागमोडी, चौकटीत चौकट. वाळलं की घासून गुळगुळीत करायचं आणि काळा, पांढरा, तांबडा रंग. रंगही मातीचेच, काळ्यात कोरफडीचा चीक आणि केळीच्या सालीची राख.

एका बाईनं मला गोळा दिला आणि फळीची एक कड. सारवणाचे हात होते माझे. लहानपणी दर शनिवारी आईबरोबर जमीन सारवलेली. पण सारवताना हात आडवा, सपाट जातो. आपलं सगळं कसब शेण पातळ पसरण्यात, बोट न दिसू देण्यात. इथं उलट. शेण उभं करायचं आणि बोट दिसलंच पाहिजे. माझी वळी बसत होती, तिची ताठ. तिनं माझा अंगठा धरून वाकवला, नखाच्या बाजूनं दाबायला लावला, आणि जमलं तेव्हा माझ्याकडं न बघता पुढची रेघ घ्यायला सांगितली. आमच्या शाळेतल्या कुठल्याही प्रशिक्षणवर्गात मी इतकं नेटकं शिकवणं पाहिलं नाही, माझं धरून.

गणिताच्या मास्तरांनीच एका रविवारी रुसुमोला नेलं. रस्ता उतरत जातो आणि खाली अकागेरा नदी, तांबूस, भरलेली, धबधब्यात कोसळणारी. पुलापलीकडं टांझानिया. इकडं गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तिकडं डावीकडून, त्यामुळं सीमेवर ट्रकांना बाजू बदलावी लागते. दारेसलामहून आलेल्या ट्रकांची लांब रांग होती. 1994 च्या एप्रिलअखेरीस जेमतेम एका दिवसात सुमारे अडीच लाख माणसं इथला जुना पूल ओलांडून पळाली. त्यांत मारून पळणारे होते, आणि भीतीनं पळणारेही. त्याच दिवसांत नदीतून प्रेतं वाहत खाली व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जात होती.

मास्तर म्हणाले, मी त्या दिवशी पूल ओलांडला. सात वर्षांचा होतो. आत्याच्या पाठीवर धाकटी बहीण, माझ्या डोक्यावर भांडं. पलीकडं छावणीत प्लॅस्टिकच्या छताखाली शाळा भरायची. मी विचारलं, कोण शिकवायचं? एक बाई होती, ते म्हणाले. बाहेरून आलेली. हात धुवायला शिकवायची, गाणी म्हणायची.

"नाव काय तिचं?"

"आठवत नाही."

"कुठल्या देशाची?"

"ते तर तेव्हाही माहीत नव्हतं. उंच होती. आणि तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवायची. आमच्याकडं बायका शिट्टी वाजवत नाहीत. आम्ही ती ऐकायला म्हणूनच शाळेत जायचो." मग ते माझ्याकडं वळले. "तुम्हाला येते, मॅडम?"

पी.टी.चा तास मी घेतलेला आहे, तोही सातवीच्या पोरांचा. बायकांनी शिट्टी वाजवू नये हे आमच्या गावातही सांगतात, आणि शिपाई रजेवर असला की तिथल्याच बायका वाजवतात. मी दोन बोटं घातली आणि वाजवली. टांझानियाकडच्या रांगेतल्या एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून उलट शिट्टी दिली. मास्तर पोट धरून हसायला लागले. रवांडाच्या बाजूचा पोलीस टपरीतून उठला, टोपी नीट केली, आमच्याकडं चालत आला आणि फार अदबीनं म्हणाला, "मामा, इथं नाही."